बेघर कुटुंब पुन्हा घरात जाईपर्यंत: मंदिर आणि मंडळांसाठी न्यू जर्सीतून एक मार्गदर्शक

आमच्या मंदिरात सणावाराला दोनशे पानं सहज उठतात. मोठी पातेली आहेत, वाढायला हात आहेत, सवयही आहे. त्यामुळे गावातल्या चर्चमध्ये आठवडाभर राहायला आलेल्या चार बेघर कुटुंबांना जेवण पोचवायचं ठरलं, तेव्हा यात अवघड काय, असंच मला वाटलं होतं. जेवण खरंच अवघड गेलं नाही. त्या चार कुटुंबांना स्वतःच्या नावाची किल्ली मिळेपर्यंत काय काय लागतं, ते कळायला मात्र मला सहा वर्षं लागली. त्यात झालेल्या चुका तुमच्या गटाकडून होऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

बेघर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फुटपाथवरचा एकटा माणूस येतो. इथली बेघर कुटुंबं तशी दिसत नाहीत. ती गाडीत झोपतात, आठवड्याच्या भाड्यावर मोटेलमध्ये राहतात, बहिणीच्या तळघरात गादी टाकतात आणि सकाळी उठून कामावर आणि शाळेत जातात. जानेवारी २०२४ मधल्या एका रात्रीच्या देशव्यापी मोजणीत ७,७१,४८० माणसं बेघर आढळली. लहान मुलं असलेल्या कुटुंबांमधल्या माणसांची संख्या एका वर्षात ३९ टक्क्यांनी वाढली होती. नातेवाइकांकडे दाटीवाटीने राहणारे या मोजणीत धरतच नाहीत.

पुढचे कायदे न्यू जर्सीचे आहेत. दुसऱ्या राज्यात राहत असाल तर कामाची पद्धत घ्या, नियम तिथले बघा.

१. आधीपासून चालू असलेली साखळी शोधा

पहिला मोह होतो तो आपलं वेगळं काहीतरी काढायचा. तो आवरा. शेल्टरला झोनिंग (जागा त्या कामाला वापरायची गावाची परवानगी), आगीची तपासणी, विमा आणि पगारी केस मॅनेजर, म्हणजे प्रत्येक कुटुंबाच्या कामाचा पाठपुरावा करणारी व्यक्ती लागते. शिवाय तुमच्या गावात नाही तरी काउंटीत कोणीतरी हे काम बहुतेक करतच असतं.

प्रार्थनास्थळांनी मिळून काम करण्याची जी पद्धत देशभर पसरली, ती आपल्या न्यू जर्सीतच सुरू झाली. न्यूयॉर्कमध्ये कामाला जाताना रस्त्यात भेटलेल्या एका बेघर बाईला कॅरन ओल्सन यांनी सँडविच दिलं आणि दोघींची ओळख झाली. आपल्याच काउंटीत बेघर कुटुंबं आहेत हे पुढे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी युनियन काउंटीतल्या प्रार्थनास्थळांना साद घातली आणि ऑक्टोबर १९८६ मध्ये पहिली साखळी सुरू झाली. तीच संस्था २००३ पासून फॅमिली प्रॉमिस या नावाने ओळखली जाते. पद्धत साधी आहे. साधारण तेरा चर्च, सिनेगॉग किंवा मंदिरं आळीपाळीने एकेक आठवडा आपली जागा देतात, म्हणजे प्रत्येकाची पाळी वर्षातून चारदा येते. तीन ते पाच कुटुंबं, सगळी मिळून चौदा माणसांपर्यंत, संध्याकाळी येतात, जेवतात, झोपतात आणि सकाळी निघतात. दिवसा त्यांच्यासाठी वेगळं केंद्र असतं. तिथे आंघोळ, कपडे धुणं, फोन आणि केस मॅनेजर यांची सोय असते. रविवारी घडीच्या खाटा गाडीत घालून पुढच्या ठिकाणी नेतात.

कोविडनंतर बऱ्याच ठिकाणी ही फिरती पद्धत बंद झाली आणि कुटुंबं एकाच इमारतीत राहू लागली. म्हणून पहिल्याच फोनवर विचारा, "तुमच्याकडे कुटुंबं फिरतात की एका जागी राहतात, आणि आमच्यासारख्या गटाची खरी गरज कुठे आहे?" कोणाला फोन करायचा हेच माहीत नसेल तर २११ हा मदतीची माहिती देणारा नंबर फिरवा. मदत मागणाऱ्या कुटुंबांसाठीही हाच नंबर आहे.

सुरुवात सहायक म्हणून करा. जागा दुसऱ्यांची, तुमच्याकडे ठरावीक रात्रींचं जेवण आणि माणसं. आम्ही दोन वर्षं एका चर्चचे सहायक होतो. त्यानंतरच मंदिराचा हॉल देण्याचा विषय काढला.

२. विश्वस्तांपुढे तयारीने जा

ते जे विचारतील ते रास्तच असतं. रात्री परकी माणसं, मुलांची सुरक्षितता, आपला विमा हे चालवून घेईल का, हॉल झोपण्यासाठी वापरायला गाव परवानगी देईल का. विम्याच्या एजंटकडून आणि गावाच्या आग तपासणी विभागाकडून उत्तरं लेखी घ्या. "बाकीचे करतात ना" या उत्तरावर कोणतीही समिती मान डोलावणार नाही.

मंदिरासाठी आणखी एक गोष्ट आहे. आमचं स्वयंपाकघर शाकाहारी आहे, आणि पाहुण्यांच्या मुलांना चिकन हवं असतं. ही अडचण लपवू नका. आम्ही ती पहिल्याच बैठकीत सांगितली, आणि आठवड्यातल्या दोन रात्री शेजारच्या चर्चने स्वतःच्या स्वयंपाकघरातून घेतल्या. प्रश्न पाच मिनिटांत सुटला.

३. माणसं जमवा, पण योग्य कामाला योग्य माणूस

रात्री थांबणाऱ्यांची बॅकग्राउंड चेक होते आणि मुलांसोबत वागण्याबद्दल प्रशिक्षण असतं. रात्री दोन प्रौढ हवेत, मुलांबरोबर एकट्याने कोणी थांबायचं नाही. "आपली ओळखीची माणसं आहेत" म्हणून यात सूट देऊ नका, आणि मागूही नका.

एच-४ व्हिसावर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून) असलेल्या मैत्रिणी विचारतात की आम्हाला चालेल का. धर्मादाय संस्थेत विनामोबदला, जे काम एरवीही कोणी पगारावर करत नाही असं काम करायला अडचण येत नाही. मोबदल्याच्या नावाखाली गिफ्ट कार्डसुद्धा घेऊ नका. भारतातून आलेल्या आई-वडिलांची बॅकग्राउंड चेक आमच्याकडे होऊ शकली नाही, पण घरी बसून चाळीस पोळ्या लाटायला ती लागत नाही.

यादी करताना स्वयंपाक करणाऱ्यांची नावं लगेच भरतात. तुम्ही वेगळी माणसं शोधा. टॅक्स भरता येणारा, गाडीचं इंजिन कळणारा, स्पॅनिश बोलणारी, सरकारी फॉर्म न कंटाळता भरणारी आणि भाड्याने घर देणारा. शेवटच्या माणसाबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

४. पहिला आठवडा: पाहुणे म्हणजे पाहुणेच

आपल्याला चौकशी करायची सवय आहे. कुठले तुम्ही, नवरा काय करतो, असं कसं झालं? गावाकडे ही आपुलकी असते. इथे ती उलटतपासणी होते. समोरच्या बाईने हीच कहाणी त्या आठवड्यात पाच कार्यालयांच्या खिडक्यांवर सांगितलेली असते. पहिल्या रात्री मी एका आईला विचारलं, "तुमचं कोणीच नाही का?" ती ताट तसंच ठेवून खोलीत गेली. तेव्हापासून आमच्या गटात एकच नियम आहे. ती आपणहून बोलली तर ऐकायचं, आपण विचारायचं नाही.

जेवणाचं म्हणाल तर पहिल्या दिवशी साधं करा. पास्ता, भात, कमी तिखट राजमा, फळं, दूध. आमच्या बटाट्याच्या भाजीचं आणि पुऱ्यांचं मुलांनी स्वागत केलं, रस्सा मात्र तसाच राहिला. ॲलर्जी आधी विचारा. दुसऱ्या दिवशीचा डबा भरून देण्याऐवजी सामान टेबलावर ठेवा, म्हणजे आई स्वतः मुलांचा डबा भरेल. स्वतःच्या मुलाचा डबा स्वतः भरता येणं तिच्यासाठी किती मोठं असतं, ते एकदा बघितलं की समजतं.

फोटो नाही, एकही नाही. पाठमोरासुद्धा नाही. काही आया मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून लपून आलेल्या असतात आणि मंदिराच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सातशे माणसं असतात. आरतीला बोलावू नका, प्रसाद हातावर ठेवू नका. धर्माचा आग्रह नसणं ही या साखळीची पहिली अट आहे, आणि तिच्यामुळेच सिनेगॉग, मशीद आणि मंदिर एकत्र काम करू शकतात.

५. कागदांची पिशवी

आमच्या कामात सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि सगळ्यात जास्त घरंही इथेच हातची जातात.

एका आईची गोष्ट सांगते. रुग्णालयात सफाईचं काम, दोन मुलं. चौथ्या आठवड्यात घरमालक तयार झाला. डिपॉझिटसाठी मदत देणाऱ्या कार्यालयाला धाकट्याचा जन्मदाखला हवा होता. तो दुसऱ्या राज्यातून मागवायचा तर आईचं फोटो ओळखपत्र हवं, आणि ते संपलं होतं. ओळखपत्र नवं करायचं तर पत्त्याचा पुरावा हवा. पत्ता नाही म्हणून तर ती आमच्याकडे आली होती. शेल्टरच्या पत्रावर ओळखपत्र झालं, मग दाखला मागवला, पण तोवर घर दुसऱ्याला गेलं होतं. त्यानंतर आम्ही कुटुंब आल्याच्या पहिल्या तीन दिवसांत कागद बघायला सुरुवात करतो. एक चेन असलेली, पाणी न लागणारी पिशवी घ्या आणि तिच्यात हे जमवा:

- मोठ्यांची फोटो ओळखपत्रं, मुदत संपायची तारीख बघून
- सगळ्यांचे जन्मदाखले आणि सोशल सिक्युरिटी कार्डं
- शेवटच्या चार पगारचिठ्ठ्या, मागच्या वर्षीचं टॅक्स रिटर्न, बँकेची दोन-तीन महिन्यांची विवरणपत्रं
- फूड स्टॅम्प (किराण्यासाठीची सरकारी मदत), अपंगत्व भत्ता, मुलांच्या पोटगीची पत्रं
- शेल्टरमध्ये राहत असल्याचं संस्थेच्या लेटरहेडवरचं पत्र
- आधीच्या घराचं लीज, कोर्टाचे कागद, भाडं भरल्याच्या पावत्या
- मुलांच्या लसीकरणाच्या नोंदी, ताब्याबद्दलचे कोर्टाचे आदेश
- आधीच्या घरमालकाचं किंवा कामावरच्या साहेबांचं शिफारसपत्र

मूळ कागद कुटुंबाकडेच राहतात. स्कॅन करून त्यांच्या स्वतःच्या ईमेलवर पाठवा, तुमच्या नाही.

सापळा: टपालाचा पत्ता. घर सुटलं की सरकारी पत्रं जुन्या दारात पडत राहतात. फूड स्टॅम्पच्या नूतनीकरणाचं किंवा हाउसिंग व्हाउचरच्या (भाड्यासाठीच्या सरकारी मदतीच्या) प्रतीक्षायादीचं पत्र हुकलं की नाव कटतं. ज्या ज्या यादीत नाव आहे, तिथे त्याच आठवड्यात नवा पत्ता कळवा.

६. मुलांची शाळा बदलू देऊ नका

१९८७ चा मॅककिनी-व्हेंटो कायदा इथे फार उपयोगी पडतो, आणि पालकांना तो बहुधा ठाऊक नसतो. बेघर झालेल्या मुलाला जुन्याच शाळेत राहता येतं, शाळेला वाहतुकीची व्यवस्था करावी लागते, आणि नव्या शाळेत घालायचं असेल तर कागद नसतानाही लगेच प्रवेश द्यावा लागतो. नातेवाइकाकडे नाइलाजाने राहणारी आणि मोटेलमधली मुलंही यात बसतात. प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये यासाठी नेमलेली एक व्यक्ती असते. शाळेच्या ऑफिसात "मॅककिनी-व्हेंटो लिएझन कोण?" एवढंच विचारा.

७. घर शोधणं

हिशेब आधी मांडा. दोन बेडरूमचं भाडं समजा महिना २,००० डॉलर आहे. न्यू जर्सीत डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, म्हणजे ३,०००. त्यात पहिलं भाडं धरा, की दार उघडायला ५,००० झाले. शिवाय बरेच घरमालक भाड्याच्या तिप्पट उत्पन्न मागतात, म्हणजे महिना ६,०००. राज्यातलं किमान वेतन २०२५ मध्ये तासाला १५.४९ डॉलर होतं. त्या दराने नवरा-बायको दोघांनी पूर्णवेळ काम केलं तरी महिन्याला ५,३७० च्या आसपास होतात. दोघंही राबत असलेलं कुटुंब इथेच अडतं, ते आळशी असतं म्हणून नाही. हे आकडे आपल्या मंडळाच्या सभेत फळ्यावर लिहून दाखवा. माझ्या अनुभवात त्यानंतर "काम का करत नाहीत?" हा प्रश्न पुन्हा आला नाही.

हाउसिंग व्हाउचर असेल तर भाड्यातला कुटुंबाचा वाटा साधारण उत्पन्नाच्या ३० टक्के असतो आणि बाकी सरकार भरतं. पण याद्या वर्षानुवर्षं चालतात, आणि अनेक ठिकाणी त्या बंदच असतात. उघडेल ती प्रत्येक यादी भरा, पण तिच्यावर विसंबून बसू नका. व्हाउचर आहे म्हणून घर नाकारणं न्यू जर्सीत बेकायदा आहे. "आम्ही सेक्शन एट (म्हणजे हेच व्हाउचर) घेत नाही" असं कोणी म्हणालं तर तारीख आणि नाव लिहून ठेवा. राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे तक्रार करता येते.

आता भाड्याने घर देणाऱ्या माणसाबद्दल. आपल्या समाजात असे खूप जण आहेत. पहिलं टाउनहाउस घेतलं, मुलं मोठी झाल्यावर मोठ्या घरात गेलो आणि जुनं भाड्याने दिलं. मंदिरातल्या प्रत्येक चौथ्या-पाचव्या घराशी असं बोलणं झालेलं मला आठवतं. चर्चमधल्या मंडळींनी मला आधी हेच विचारलं होतं, "तुमच्यात घरमालक किती?" मी जेवणाचे डबे मोजत बसले होते आणि सगळ्यात मोठी मदत शेजारच्या चटईवर बसलेली होती. त्यांच्याशी एकेकट्याने बोला. सभेत आवाहन केलं तर सगळे खाली बघतात. त्यांना भीती असते ती भाडं थकण्याची आणि कोर्टाची. संस्था पहिल्या वर्षी महिन्याला भेट देईल, अडचण आली तर फोन उचलेल आणि डिपॉझिटचा चेक थेट देईल, एवढं सांगितल्यावर आमच्यातले तिघं तयार झाले. पहिल्याला तयार करायला आठ महिने लागले.

सापळे:

- फोनवर सुंदर घर, भाडं कमी, मालक "परदेशात", आणि किल्लीआधी झेलवर (फोनवरून पैसे पाठवायच्या सोयीने) पैसे. आमच्या गटाने यात ८०० डॉलर गमावले. काउंटीच्या मालमत्ता कराच्या नोंदी सगळ्यांना बघता येतात. पत्ता टाका आणि मालकाचं नाव जुळतं का ते बघा. घर आतून पाहिल्याशिवाय एक डॉलरही देऊ नका.
- जुनं विजेचं किंवा गॅसचं बिल. ते थकलेलं असेल तर नव्या घरात कुटुंबाच्या नावाने मीटर उघडताना अडतं, आणि मीटरशिवाय किल्ली मिळत नाही. पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.
- १९७८ पूर्वीचं घर आणि लहान मूल. त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं, आणि त्याबद्दल माहिती असेल तर ती सांगणं मालकावर बंधनकारक आहे. पोपडे निघालेल्या खिडक्या दिसल्या तर थांबा.
- गटातल्या कोणी भावनेच्या भरात लीजवर सहजामीन म्हणून सही करणं. एकट्याने ही जबाबदारी घेऊ नका.

८. पैसे

चेक नेहमी घरमालकाच्या, वीज कंपनीच्या किंवा गॅरेजच्या नावाने द्या. एखाद्या ठरावीक कुटुंबासाठी म्हणून दिलेल्या देणगीवर करसवलत मिळत नाही. देणगी संस्थेच्या निधीत येऊ द्या आणि वाटप संस्थेने ठरवू द्या. पदरमोड करून हातात नोटा ठेवायचा मोह होईल. एकाला दिल्या की बाकीच्या तीन कुटुंबांना त्या रात्रीच कळतं.

९. घर जाण्याआधी कोणी आलं तर

हे सगळ्यात स्वस्त काम आहे आणि सगळ्यात कमी केलं जातं. दारावर नोटीस लागलेलं कुटुंब घाबरून सामान बांधतं. त्यांना थांबवा. न्यू जर्सीत घरमालक स्वतः कुलूप बदलू शकत नाही. कोर्टाचा निकाल लागतो आणि कोर्टाचा अधिकारीच ताबा घेतो. कोर्टाच्या तारखेला हजर राहणं महत्त्वाचं, कारण गैरहजर राहिलं की निकाल विरोधात जातो आणि ती नोंद पुढच्या प्रत्येक घरमालकाला दिसू शकते. दावा थकलेल्या भाड्याचा असेल तर ताबा घेतल्यानंतरही कामकाजाच्या तीन दिवसांपर्यंत पूर्ण रक्कम भरून घर वाचवता येतं. लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सीकडे कमी उत्पन्नाच्या लोकांना मोफत कायदेशीर सल्ला मिळतो. एका महिन्याचं थकलेलं भाडं भरणं आणि कुटुंबाला पुन्हा उभं करणं यांतला खर्चाचा फरक वर मांडलाच आहे.

अशी वेळ आपल्या मराठी घरांवरही येते. घरातल्या छळामुळे मुलाला घेऊन बाहेर पडलेली, व्हिसा नवऱ्यावर अवलंबून असलेली बाई मंदिरात येते आणि बुटांच्या खणाजवळ उभी राहते. तिच्यासाठी न्यू जर्सीत १९८५ पासून मानवी ही दक्षिण आशियाई स्त्रियांसाठीची संस्था आहे. तिचा नंबर स्त्रियांच्या स्वच्छतागृहात दाराच्या आतल्या बाजूला लावून ठेवा. तिथे तो कोणाच्या नजरेत न येता वाचता येतो.

१०. किल्ली मिळाल्यानंतरचं वर्ष

आधी घरभरणी. गटातून सामान गोळा करताना यादी कुटुंबाकडूनच घ्या. गादी, पडदे, कढई, झाडू, शॉवरचा पडदा, स्वच्छतागृहातला कागद. नव्या सुनेचा संसार मांडून देतो तसं द्या, धुतलेलं आणि न फुटलेलं. मुलांच्या गाद्या नव्याच घ्या. डाग पडलेला सोफा कोणी देऊ केला तर प्रेमाने नाही म्हणा.

डिपॉझिटचे पैसे कोणत्या बँकेत ठेवले हे घरमालकाने तीस दिवसांत लेखी कळवायचं असतं. ते पत्र पिशवीत गेलं का बघा. घरात शिरतानाच्या प्रत्येक खोलीचे फोटो काढून कुटुंबाच्या ईमेलवर ठेवा, डिपॉझिट परत मागताना ते लागतात. थंडी सुरू होण्याआधी हीटिंगच्या सरकारी मदतीचा अर्ज करा.

मग महिन्यातून एक फोन, तोही त्यांच्या सवडीने. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हटकून काहीतरी बिघडतं, बहुतेक वेळा गाडी. गाडी बंद, म्हणून काम बुडालं, म्हणून भाडं थकलं, अशी माळ लागते. आमच्या गटातल्या एका काकांनी आत्तापर्यंत चार ब्रेक आणि दोन बॅटऱ्या बदलल्या आहेत, आणि माझ्या मते त्यांनी निदान तीन घरं वाचवली आहेत.

अकराव्या महिन्यात लीजच्या नूतनीकरणाचं पत्र येतं. भाडं वाढलेलं असतं, आणि घाबरून पुन्हा कोणाकडे तरी राहायला जायचं मनात येतं. तेव्हा घरमालकाशी बोलायला सोबत जा. किल्ली हातात पडते त्याच दिवशी ही तारीख लिहून ठेवा. आमच्या वहीत प्रत्येक कुटुंबापुढे ती लाल शाईने लिहिलेली आहे.